प्रबंधाचे पंचांग

नागपूरहून दक्षिणेस बुटीबोरीच्या बाजूला गेले असता टाकळघाट हे गाव लागते, आणि त्या परिसरात लोहयुगीन लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली दगडांची वर्तुळे आहेत. १८६३ च्या सप्टेंबरात ही वर्तुळे पाहून परतत असता बोरीजवळच्या नाल्याला आलेल्या पुरात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप वाहून गेले. १८४५ मध्ये नागपुरास येऊन राहिलेल्या या स्कॉटिश मिशनऱ्याला इथल्या भूस्तरांचा, जीवाश्मांचा आणि आदिवासींच्या बोलींचा जबरदस्त नाद होता. भूस्तरांविषयीचा त्यांचा निबंध हंटर या सहकाऱ्याबरोबर १८५५ मध्येच लंडनला छापून झाला होता. परंतु गोंडांसारख्या जमातींविषयी वर्षानुवर्षे जमवलेली टिपणे मात्र त्यांच्या मृत्यूच्या दिवशी अपुऱ्या बाडांच्या स्वरूपातच होती, आणि रिचर्ड टेंपल यांनी ती जुळवून १८६६ मध्ये छापली नसती, तर त्या अठरा वर्षांच्या श्रमांतले किती आपल्यापर्यंत पोहोचले असते हे सांगवत नाही.

त्याच टाकळघाटात शंभरावर वर्षांनी, १९६८-६९ च्या हंगामात, नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा या दोन्ही ठिकाणी उत्खनन केले, आणि त्याचा संपूर्ण अहवाल १९७० साली विद्यापीठाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पवनीचे उत्खनन १९६९-७० मधले. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरील ग्रंथ १९७२ चा. माहुरझरीचे काम १९७० ते १९७२ या काळातले. त्याचा अहवाल १९७३ चा. भारतीय पुरातत्त्वात खणलेल्या स्थळाचा अहवाल कित्येक दशके निघत नाही, आणि पुष्कळदा खणणाऱ्याबरोबरच त्याचे ज्ञानही लोपते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या चार-पाच सालांच्या नोंदीचे मोल सांगावे लागणार नाही. उत्खननाला हंगाम असतो. पाऊस जवळ आला की चर झाकावे लागतात, मजूर आपापल्या शेतीला जातात, आणि पुढचे काम मेजावरच व्हावयाचे असते. मुदत घालून घेतलेले संशोधन आणि आयुष्यभर वाढत जाणारे संशोधन यांतले श्रेष्ठ कोणते, हा वाद मी इथे घालीत नाही. हिस्लॉप यांच्यासारख्यांचे ऋण मोठे आहे. परंतु जिच्या हाती पुरते एक वर्ष आहे, अशा विद्यार्थिनीने किंवा विद्यार्थ्याने पुढे ठेवावयाचा नमुना कोणता, याविषयी मात्र माझ्या मनात संदेह नाही.

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक घरांत निघू लागला आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी एखादे स्वतंत्र काम करून त्याचा लेखी वृत्तांत सादर करण्याची रीत नागपुरात नवी नाही. १९६० साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, अभियंता होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पातून गेल्या. वास्तुशास्त्राच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची समाप्ती तर प्रबंधानेच होते, आणि जागेच्या निवडीपासून ज्युरीपुढे मॉडेल मांडीपर्यंतच्या त्या महिन्यांत रात्रीचा दिवस कसा होतो हे त्या विद्यार्थ्यांच्या घरच्या मंडळींना विचारावे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांत मात्र बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. म्हणजे तीन वर्षे आणि लेखी परीक्षा, असाच समज दृढ होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची वाट उघडली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला त्यात असे ठरले की, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या आणि संशोधनाची इच्छा असणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येईल. किमान १६० श्रेयांकांच्या या पदवीत १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे किंवा लघुप्रबंधाचे असतील. ज्यांच्या घरात आजवर कोणी प्रबंध लिहिला नाही, ज्यांच्या महाविद्यालयात पदवीस्तरावर असा प्रबंध कोणी तपासलेला नाही, अशी मुले-मुली आता या कामाला बसणार आहेत, आणि म्हणून हे प्रकरण.

प्रथम हिशेब. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामात एका श्रेयांकाला ३० तास धरतात. १२ श्रेयांकांचे ३६० तास झाले. पंधरा आठवड्यांची दोन सत्रे मिळून तीस आठवडे; म्हणजे दर आठवड्याला १२ तास. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला की बहुतेकांची निराशा होते. वर्ष केवढे मोठे वाटत होते, आणि तास किती थोडे निघाले! पण याच आकड्यात दिलासाही आहे, कारण आठवड्याला १२ तास ही कोणत्याही सामान्य प्रकृतीच्या माणसाला, इतर विषय सांभाळून, झोपमोड न करता देता येण्याजोगी गोष्ट आहे. अडचण येते ती हे तास सलग आपल्या ताब्यात नसल्यामुळे.

माझे सांगणे एवढेच आहे, आणि पुढचा सगळा विस्तार त्याचाच आहे: प्रबंधाला लागणारा वेळ दोन जातींचा असतो. एक आपल्या हातातला, आणि दुसरा इतरांच्या हातातला. वाचन, लेखन, तक्ते, शुद्धलेखन हे पहिल्या जातीचे; मार्गदर्शकांची सवड, कार्यालयाची मंजुरी, प्रयोगशाळेतल्या यंत्राची पाळी, शेतातले पीक, दफ्तरखान्यातली फाइल हे दुसऱ्या जातीचे. प्रबंध रखडला की सगळे जण विद्यार्थ्याच्या आळसाला दोष देतात. पण मी जे रखडलेले प्रबंध पाहिले त्यांत आळशी विद्यार्थी थोडे आणि दुसऱ्याच्या हातातला वेळ उशिरा मागणारे पुष्कळ, असेच प्रमाण होते. रात्र जागून आपल्या हातातला वेळ वाढवता येतो. दुसऱ्याच्या हातातला कितीही जागरणाने वाढत नाही. म्हणून तो आधी मागावा, आणि मिळेल त्याभोवती आपले काम बसवावे.

एक उदाहरण घेऊन हे सविस्तर पाहू. समजा, अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने संत्र्याचा विषय घेतला आहे. नागपूरला राहून हा विषय न सुचणे कठीण. काटोल-नरखेडचे बगीचे, पलीकडे अमरावती जिल्ह्यातले वरुड-मोर्शी, कळमन्याचा बाजार, शहरातच असलेली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, सारे हाताशी आहे. जुलैमध्ये ती विषय लिहून आणते: विदर्भातील संत्रा उत्पादकांच्या समस्या. या शीर्षकात तिचे सारे वर्ष बुडवण्याची शक्ती आहे. विदर्भ केवढा, उत्पादक किती, समस्या कोणत्या, कशाचीच सीमा नाही; जे वाचावे ते उपयोगी वाटते, आणि जे सोडावे ते सोडल्याचा चटका लागतो. विषय मोठा घेतला की काम मोठे होते, ही समजूत पदवीच्या विद्यार्थ्यांत जितकी सार्वत्रिक आहे तितकीच घातक आहे.

या बाबतीत नागपूरच्या विद्यार्थ्याला दूर जावयास नको. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर तेथे पंचविशीच्या आतबाहेर असताना ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचते झाले. जातिसंस्था हा विषय एका आयुष्याला पुरून उरणारा, आणि पुढे त्यांच्या आयुष्याला तो पुरून उरलाच. पण त्या दिवशीच्या निबंधात त्यांनी जातीची यंत्रणा कशी चालते, ती निर्माण कशी झाली आणि पसरली कशी, एवढाच प्रश्न धरला, आणि तो जातीअंतर्गत विवाहाच्या एकाच सूत्राने अखेरपर्यंत नेला. थोड्या पृष्ठांचा तो निबंध पुढल्याच वर्षी इंडियन अँटिक्वेरीत छापला गेला. शिष्यवृत्तीची मुदत त्यांच्या डोक्यावर कायम उभी होती. १९१७ मध्ये ती संपल्यावर लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. इतक्या विशाल बुद्धीच्या माणसानेही प्रश्न आखून घेतला, ही गोष्ट एकविसाव्या वर्षी सबंध विदर्भ कवेत घेऊ पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तर आपल्या विद्यार्थिनीने काय करावे? काटोल तालुक्यातली दोन गावे निवडावीत, आणि प्रश्न असा विचारावा की, फळ तोडणीला येण्याच्या आधीच ज्या शेतकऱ्यांनी उभा बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकला, त्यांनी तसे का केले, आणि ज्यांनी स्वतः माल तोडून बाजारात नेला त्यांच्या तुलनेत त्यांच्या हाती काय पडले. हा प्रश्न लहान आहे, पण क्षुद्र नाही. शेतकऱ्याला पैशाची निकड केव्हा असते, गारपिटीची आणि फळगळीची भीती कोण उचलते, तोडणीचे मजूर कोण आणते, कळमन्यात अडत आणि हमाली वजा जाता काय उरते, हे सगळे त्या लहान प्रश्नाच्या पोटात आहे. प्रश्न आपल्या वर्षात मावतो की नाही हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे: प्रबंधात शेवटी जे तक्ते यावयाचे ते सर्वेक्षणाला निघण्याआधी रिकामेच आखून पाहावेत. मथळे लिहावेत, रकाने पाडावेत, आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवाव्यात. ज्या माहितीला एकाही तक्त्यात जागा नाही ती गोळा करावयाची नाही, आणि जो तक्ता भरण्याची कोणतीच तजवीज दिसत नाही तो प्रश्नासकट काढून टाकावयाचा. जुलैत कागदावर घालवलेली अशी एक दुपार फेब्रुवारीतले कित्येक आठवडे वाचवते.

आता पंचांग. संत्र्याला विदर्भात दोन बहार येतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तोडतात. मृग बहार जून-जुलैत, पहिल्या पावसाबरोबर फुलतो, आणि त्याचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. झाडाला पाण्याचा ताण देऊन शेतकरी यांपैकी बहुधा एकच बहार धरतो, आणि मृगाचा तर सगळा भरवसा वेळेवर येणाऱ्या पावसावर असतो. म्हणजे जुलैत काम सुरू करणाऱ्या विद्यार्थिनीला आंबियाची तोडणी ही हाती येणारी पहिली आणि सर्वांत खात्रीची संधी आहे. सप्टेंबर संपण्यापूर्वी तिची प्रश्नावली तयार, तपासलेली आणि मार्गदर्शकांनी मान्य केलेली नसेल, तर ऑक्टोबरात ती वाचनालयात बसून राहील आणि जानेवारीत बगीच्यात जाईल. तेव्हा तिला ऐकायला मिळेल ते असे: "आता काय पायतं माय? बगीचा तं कवाचाच खाली झाला." मृग बहाराची वाट पाहावी तर फेब्रुवारी-मार्च हेच तिचे लिहिण्याचे महिने. विद्यापीठाचे वेळापत्रक झाडाला ठाऊक नसते. जुळवून घ्यायचे ते आपणच.

त्याआधी ऑगस्टमध्ये दोन-तीन शेतकऱ्यांशी नुसते बोलून यावे. हे बोलणे प्रबंधात जावयाचे नसते. त्याने प्रश्नावली दुरुस्त होते. "काकाजी, तुमचं वार्षिक उत्पन्न किती?" असे घरी बसून लिहिलेला प्रश्न विचारला, की समोरचा माणूस सरकारी माणसाकडे पाहावे तसा पाहतो आणि काहीतरी गोल उत्तर देतो. तेच "यंदा माल किती निघाला? सौदा टनावर झाला की अख्खा बगीचा एकठोक दिला? बयाणा केव्हा मिळाला?" असे विचारले की तो खाट पुढे ओढतो, मुलाला हाक मारून वही आणवतो, आणि तारखेनिशी सांगू लागतो. पोळ्याच्या आसपासचे चार दिवस मात्र टाळावेत. त्या दिवसांत कोणत्याही शेतकऱ्याचे चित्त बैलांपाशी असते, आणि दुसऱ्या दिवशी इकडे नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीने रस्ते भरलेले असतात. परत येताना एक पहाट कळमन्याच्या बाजारात काढावी. संत्र्यांचे ढीग, त्यांच्याभोवती फिरणारा बोलीचा घोळका, हातात दोन फळे घेऊन साल दाबून पाहणारा खरेदीदार आणि बाजूला उभा राहून नुसते ऐकणारा मालक हे दृश्य डोळ्यांखालून गेले म्हणजे प्रबंधातले बाजाराचे प्रकरण कोणत्याही पुस्तकातून उतरवण्याची गरज राहत नाही.

मुलाखती किती घ्याव्यात, याचाही निर्णय तासांवरच करावा. ध्वनिमुद्रित केलेले एक तासाचे बोलणे कागदावर उतरवण्यास किमान चार तास लागतात, नवख्याला अधिकच. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीस मुलाखती म्हणजे पंधरा तासांचे बोलणे आणि साठ तासांचे उतरवणे. एकूण ३६० तासांपैकी साठ तास केवळ या एका कामाला गेले, आणि अजून प्रवास, तक्ते आणि विवेचन बाकी आहे. शंभर मुलाखतींचा संकल्प सोडणाऱ्या विद्यार्थ्याने हा गुणाकार सोडवलेलाच नसतो. उतरवण्याचे काम त्याच आठवड्यात करावे. महिन्याभराने ऐकताना आवाज ओळखू येतात, पण हातवारे, गप्प बसणे आणि मध्येच आलेला व्यापाऱ्याचा फोन यांचा अर्थ विसरलेला असतो.

विषय इतिहासाचा असेल तर झाडाच्या जागी दफ्तर येते. नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात मध्य प्रांताच्या काळापासूनचे कागद आहेत. पण तेथे जाऊन उभे राहिले की फाइल हाती पडते असे समजू नये. महाविद्यालयाचे पत्र लागते, अर्ज लागतो, सूचीवरून क्रमांक शोधून मागणी नोंदवावी लागते, आणि कागद जीर्ण असेल तर तो मिळतही नाही. भोसलेकालीन कागद मोडीत असतात. मोडी येत नसेल तर ती शिकण्यास लागणारे महिने धरावे, नाहीतर तो काळ सोडून इंग्रजी अंमलातला प्रश्न घ्यावा. रसायनाच्या वा पर्यावरणाच्या विद्यार्थ्याला हीच गोष्ट यंत्राच्या बाबतीत भोगावी लागते: नमुना एका दिवसात गोळा होतो, परंतु तपासणीची पाळी आठवड्यांनी येते आणि पहिला निकाल संशयास्पद निघाल्यास पुन्हा रांग. सरकारी कार्यालयातून माहिती घ्यावयाची असेल, तर नागपूरकराने डिसेंबर विसरू नये. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले म्हणजे त्या दिवसांत तेथल्या अधिकाऱ्याने एका विद्यार्थ्यासाठी अर्धा तास काढावा अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे. अर्ज ऑक्टोबरात द्यावा, पोच घ्यावी, आणि नोव्हेंबरात स्वतः जाऊन चौकशी करावी.

मार्गदर्शकांचा वेळ हाही दुसऱ्याच्या हातातलाच वेळ आहे, हे सांगताना पुष्कळ विद्यार्थी संकोचतात. सर किंवा मॅडम रागावतील, आपले लिखाण अजून दाखवण्याजोगे झालेले नाही, अशा भीतीने ते महिनोन्महिने तोंड दाखवत नाहीत, आणि मार्चमध्ये एकदम दीडशे पाने घेऊन उभे राहतात. त्याच मार्चमध्ये सरांच्या पुढ्यात प्रात्यक्षिक परीक्षा असतात, नॅकची तयारी असते, पुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येणार असतात. दीडशे पाने वाचून देण्यास त्यांनी तीन आठवडे घेतले तर त्यात त्यांचा अपराध कोणता? याला उपाय एकच: वर्षाच्या आरंभीच पंधरवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून घ्यावी, आणि त्या वेळी पाच पाने असली तरी ती नेऊन द्यावीत. भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी काय ठरले ते चार ओळींत लिहून त्यांना पाठवावे. असे केल्याने माणसाची स्मृती आणि नाते दोन्ही सुरक्षित राहतात. "हे मी सांगितलेच नव्हते" आणि "तुम्हीच तर सांगितलेत" हा वाद, जो प्रबंधाच्या अखेरच्या महिन्यात फार कटू होतो, तो उद्भवतच नाही.

तारखा मागून पुढे लावाव्यात. सादर करण्याची तारीख १५ एप्रिल धरली, तर बांधणी आणि छपाई यांना एक आठवडा, मार्गदर्शकांच्या शेवटच्या वाचनाला आणि त्यानंतरच्या दुरुस्तीला मिळून तीन आठवडे, समानता-तपासणीला काही दिवस. म्हणजे संपूर्ण मसुदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात हाती हवा. तो हवा तर तक्ते आणि त्यांवरचे विवेचन जानेवारीअखेर, मुलाखतींचे लेखन डिसेंबरअखेर, आणि क्षेत्रकाम नोव्हेंबरच्या शेवटी संपावयास हवे. या मोजणीत दिवाळीच्या सुट्टीचे दिवस मी मुद्दाम धरलेले नाहीत. ते कामाला वापरता आले तर उत्तमच, पण जे वेळापत्रक सणाच्या दिवसांवर बेतलेले असते ते आजारपणाच्या पहिल्या झटक्यात कोसळते. एप्रिलच्या कडक उन्हात क्षेत्रकाम शिल्लक ठेवू नये, हे नागपुरात वाढलेल्याला सांगावे लागू नये.

लेखनाला कोठून सुरुवात करावी, हा प्रश्न विद्यार्थी फेब्रुवारीत विचारतात. त्याचे उत्तर ऑगस्टमध्ये आहे. अभ्यासपद्धतीचे प्रकरण, म्हणजे गावे का निवडली, शेतकरी कसे निवडले, प्रश्न कसे बदलले, हे काम चालू असतानाच लिहावे, कारण तेव्हा ते पत्र लिहिण्याइतके सोपे असते आणि सहा महिन्यांनी फार अवघड होते. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा वाचता वाचता लिहावा. प्रस्तावना सर्वांत शेवटी. पहिला मसुदा भिकार असतो. तो तसा असण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

वाचलेल्या प्रत्येक गोष्टीचा लेखक, ग्रंथ, साल आणि पृष्ठ तत्क्षणी नोंदवण्याची सवय नसेल तर शेवटच्या आठवड्यात वाचनालयात धावाधाव होते. या कामासाठी झोटेरोसारखी मोफत साधने आहेत. न जमल्यास शंभर पानी वही पुरते. उचलेगिरीविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते. १० ते ४० टक्क्यांच्या पायरीवर सुधारित प्रत सादर करण्यास सहा महिन्यांपर्यंतची मुदत मिळते, म्हणजे वर्ष हातचे गेलेच. त्यापुढल्या पायरीवर एक वर्ष बंदी, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. बहुतेक मुले लबाडीने या जाळ्यात येत नाहीत. टिपण काढताना दुसऱ्याचे वाक्य कोणते आणि आपले कोणते याची खूण केलेली नसते, आणि मार्चमध्ये ते दोन्ही आपलेच वाटू लागतात.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. टंकलेखन दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचे असेल, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेव वापरतो की युनिकोड, हे पहिल्या दिवशी विचारावे. एका टंकात केलेली पाने दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे फुटतात, तक्त्यांतले आकडे सरकतात, आणि समानता तपासणाऱ्या यंत्रणेला जुन्या टंकातला मजकूर वाचताच येत नाही. आपल्या हाताने युनिकोडमध्ये लिहिणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग. रोजचे काम दोन जागी साठवावे, आणि त्यातली एक जागा आपल्या संगणकाबाहेरची असावी.

एवढे करूनही काम मागे पडते. घरात आजारपण येते, पाऊस लांबतो, व्यापारी बोलायला तयार होत नाही. अशा वेळी काय तोडावे, हे शांत मनाने ठरवण्यासाठी ३१ डिसेंबर हा दिवस आधीच मुक्रर करावा. त्या दिवशी जे हाती आहे ते मोजावे आणि उरलेल्या आठवड्यांत जे बसणार नाही ते सरळ कापावे: दोन गावांचे एक, तीस मुलाखतींच्या अठरा. आणि हा बदल का केला ते प्रबंधात स्वच्छ लिहावे. एका गावाच्या अठरा शेतकऱ्यांविषयी खात्रीने केलेले विधान परीक्षकाला मान्य होते. दोन गावांविषयीचे अर्धे ऐकीव विधान त्याला पहिल्याच प्रश्नात सापडते. सगळेच थोडे थोडे पातळ करून संकल्पाएवढे लांबवण्याचा मोह सर्वांत वाईट, कारण त्यात कष्टही वाचत नाहीत आणि प्रामाणिकपणाही जातो.

परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या तर खचून जाऊ नये. रुपयाच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा प्रबंध लंडन विद्यापीठाकडे १९२२ मध्ये गेला असता परीक्षकांनी हरकती घेतल्या. आंबेडकरांनी तो नव्याने सुधारून पाठवला, १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने बाहेरही आला. व्हायवा झाल्यानंतरचे दोन-तीन आठवडे मोकळे ठेवण्याचे कारण हेच. घरच्यांनी नोकरीच्या मुलाखतीची, प्रवासाची किंवा लग्नाची तारीख त्या आठवड्यांत घालू नये, अशी विनंती त्यांना मार्चमध्येच करून ठेवावी.

एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाईल, एक विभागात राहील. त्यांखेरीज दोन पानांचा एक सोपा मराठी गोषवारा लिहून, ज्या शेतकऱ्यांनी खाटेवर बसवून चहा दिला आणि वही उघडून दाखवली त्यांच्यापर्यंत तो न्यावा. त्यांची नावे त्यात नसावीत, पण त्यांच्या गावाचा भाव, अडत आणि बयाण्याची रीत असावी. एकठोक बगीचा देणाऱ्याला शेजाऱ्याच्या तुलनेत किती कमी-अधिक मिळाले, हे त्यांना स्वतःलाही पुष्कळदा माहीत नसते, आणि पुढच्या सौद्याला बसताना त्यांना ते उपयोगी पडेल. यासाठी वेळापत्रकात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ धरून ठेवावी. काटोलची पहिली बस गाठली तर ऊन चढण्याच्या आत दोन्ही गावे होतात.